गॅस्केट पुन्हा पुन्हा का उडतं?

प्रश्न : आंब्याच्या हंगामात आम्ही रत्नागिरीहून कोल्हापूरला डिझेल पिकअपने पेट्या नेतो. दोन वर्षांपूर्वी आंबा घाट चढताना गाडी तापली आणि हेड गॅस्केट उडालं. गॅरेजमध्ये नवं गॅस्केट टाकलं, हेड फेस करून घेतलं. पुढच्याच हंगामात पुन्हा तेच झालं. आता मिस्त्री म्हणतात, ‘इंजिनात दम राहिला नाही, फुल इंजिन काम करून घ्या.’ माझे काका मात्र त्यांच्या जुन्या पिकअपचं इंजिन वर्षानुवर्षं उघडावंही लागलं नाही म्हणून सांगतात. एकच दुखणं असं उलटतं का? इंजिनाचं काम करावं की तेवढाच भाग दुरुस्त करावा? आणि नव्या गाड्या जुन्यांइतक्या टिकतच नाहीत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फुल इंजिन कामाचा खर्च एका हंगामाची कमाई गिळू शकतो. म्हणून होकार देण्याआधी थोडं थांबा. तुमच्या पत्रात पहिल्या दुरुस्तीचा तपशील आहे, पण गाडी मुळात तापली का, याचा एक शब्दही नाही. गॅरेजमध्येही तो प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही, आणि दुखणं उलटण्याचं मूळ बहुधा तिथेच आहे.

आधी गॅस्केटवर काय भार असतो ते पाहू. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन सिलिंडरमधली हवा साधारण १६ ते २२ पट दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. टर्बो असलेल्या इंजिनात त्या क्षणी सिलिंडरमधला दाब १०० बारच्या बराच वर जातो. वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ गॅस्केटला हा दाब मिनिटाला हजारांनी झेलायचा असतो. शिवाय त्याच गॅस्केटमधून कूलंटच्या आणि ऑइलच्या वाटा गेलेल्या असतात, त्याही एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात.

इंजिन ठरलेल्या तापमानात असेल तर गॅस्केट हे काम वर्षानुवर्षं करतं. तापमान हाताबाहेर गेलं की चित्र बदलतं. आजच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं असतं. तेवढ्याच उष्णतेने अॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. फुगू पाहणाऱ्या हेडला बोल्टांनी जखडलेलं असतं, त्यामुळे ते गॅस्केटला चेचतं आणि थंड झाल्यावर वाकडं होऊन बसतं. मग एका कोपऱ्यातून पेटलेला वायू कूलंटमध्ये घुसतो, नाहीतर कूलंट ऑइलमध्ये उतरून ऑइल दुधाळ होतं. म्हणजे गाडी आधी तापली आणि गॅस्केट मागून गेलं. तुम्ही बदललं ते मागून गेलेलं.

मग गाडी तापली कशाने?

घाटातली चढण ही कूलिंगची सगळ्यात कठीण परीक्षा. इंजिन पूर्ण जोर लावत असतं, पण गाडीचा वेग कमी असल्याने समोरून वारा मिळत नाही. सगळी भिस्त फॅन, रेडिएटर आणि वॉटर पंपावर येते. त्यातून एप्रिल-मेचं ऊन आणि मागे पेट्यांचं ओझं. सपाट रस्त्यावर झाकून राहिलेला दोष अशा वेळी उघडा पडतो.

म्हणून तपासणी बाहेरून आत करत यावी. रेडिएटरच्या जाळीत कोकणातली लाल धूळ, चिखल आणि किडे साचून हवेची वाट बंद झाली आहे का? फॅनचा क्लच निसटतो आहे का, पट्टा ढिला आहे का? थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो का? वॉटर पंपाची पाती झिजली आहेत का? रेडिएटरचं झाकण तर कुणी बघतच नाही. ते सुमारे १ बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेली की ही सवलत संपते आणि चढावर पाणी लवकर उकळतं.

सगळ्यात मोठी चूक कूलंटच्या जागी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरण्याची. जड पाण्यातले क्षार इंजिनाच्या पोकळ्यांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात, आणि तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती साध्या पाण्यात मिळणार नाहीत. वाटेत अडचणीला पाणी टाकावं लागलंच, तर घरी आल्यावर ते काढून कंपनीने सांगितलेलं कूलंट योग्य प्रमाणात भरा.

हेडच्या कामाबद्दलही तीन गोष्टी विचारा. फेसिंगआधी हेडची प्रेशर टेस्ट केली होती का? केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही आणि फेसिंगने तो जातही नाही. हेडची जाडी कंपनीने दिलेल्या मर्यादेत उरली आहे का? डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यात फार थोडी जागा असते, म्हणून बऱ्याच इंजिनांना वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट मिळतात आणि त्यातलं नेमकं निवडावं लागतं. तिसरी गोष्ट, बोल्ट नवे घातले का? अनेक इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात. ते एकदाच वापरायचे असतात. पुन्हा वापरले तर पकड पुरेशी बसत नाही.

दुखणं एकीकडे, मूळ दुसरीकडे

हे गाव-गॅरेजपुरतं नाही. जगातल्या बड्या कंपन्याही यात सापडल्या आहेत. अमेरिकेत फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये २००३ ते २००७ या मॉडेल वर्षांत ६ लिटरचं पॉवर स्ट्रोक नावाचं व्ही-८ डिझेल इंजिन येत असे. ते नॅव्हिस्टार कंपनी बनवून देई. त्याआधीचं ७.३ लिटरचं इंजिन दीर्घायुष्यासाठी नावाजलेलं होतं. ६ लिटरचं मात्र हेड गॅस्केट उडण्यासाठी बदनाम झालं आणि दुरुस्तीच्या खर्चावरून दोन्ही कंपन्यांचा वाद कोर्टात गेला. २००९ मध्ये त्यांनी तो आपसांत मिटवला.

या इंजिनाच्या दुखण्याची साखळी प्रत्येक पिकअपवाल्याने समजून घ्यावी अशी आहे. इंजिनाच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमध्ये, ऑइल कूलर बसवलेला. त्याच्या अरुंद वाटांत ब्लॉकच्या ओतकामातून उरलेली वाळू आणि कूलंटमधला गाळ अडकत जाई. कूलंट आधी या ऑइल कूलरमधून जाई आणि मग ईजीआर कूलरमध्ये. धूर प्रदूषण कमी करण्यासाठी पुन्हा इंजिनात सोडतात, तो आधी थंड करणारा भाग म्हणजे ईजीआर कूलर. ऑइल कूलर तुंबला की पुढच्याला पुरेसं कूलंट मिळत नसे, ते तिथे उकळे आणि ईजीआर कूलर फाटे. कूलंट थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागलं की दाब बेसुमार वाढे. आधीच्या ७.३ लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती सहा बोल्ट होते, इथे चारच. ते ताणले जात, हेड किंचित उचललं जाई आणि शेवटी गॅस्केट उडे.

आता ज्याने फक्त गॅस्केट बदललं, त्याच्या इंजिनात तुंबलेला ऑइल कूलर तसाच राहिला. ज्याने ईजीआर काढून टाकलं, त्याने कायदा मोडला आणि तरीही ऑइल नीट थंड होत नव्हतंच. जाणत्या मेकॅनिकांनी उलटं केलं. त्यांनी ऑइल कूलर नवा घातला, कूलंटची सगळी वाट धुऊन काढली, मजबूत ईजीआर कूलर बसवला, मूळ बोल्टांच्या जागी जास्त ताकदीचे स्टड घातले आणि गाळ अडवायला कूलंट फिल्टर जोडला. दोष अगोदर ओळखायची त्यांची रीतही साधी होती. गाडी हायवेवर एकसारखी चालत असताना ऑइल आणि कूलंटच्या तापमानांत सुमारे ८ अंशांहून जास्त फरक पडू लागला, की ऑइल कूलर तुंबतो आहे असं ते धरत.

तुमच्या पिकअपची रचना अर्थातच वेगळी आहे, पण तिच्यावरही हाच न्याय लावा. जो भाग फुटला त्याच्याआधी साखळीत काय येतं, तिथे बघा.

फुल इंजिन काम करायचं का?

अंदाजाने नाही, मोजून ठरवा. कॉम्प्रेशन टेस्टने प्रत्येक सिलिंडरचा दाब कळतो. चारही सिलिंडर जवळपास सारखे आणि कंपनीच्या मर्यादेत असतील, तर पिस्टन-रिंगांत अजून जीव आहे. एखाद्यातच दाब कमी असेल तर तिथला व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट तपासा. चारही सारखेच पडलेले असतील आणि ऑइलच्या झाकणातून धुराचा लोट येत असेल, तर झीज खरी आहे. कूलंटमध्ये पेटलेला वायू मिसळतो आहे का, हे रंग बदलणाऱ्या द्रवाच्या चाचणीने कळतं. ऑइलचा दाब गरम इंजिनावर गेज लावून बघा. तो कमी असेल तर क्रँक आणि बेअरिंगकडे लक्ष द्यायला हवं.

नुसतं गॅस्केट उडालं म्हणून बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालण्यात अर्थ नाही. उलट गाडी फार तापून पिस्टनने सिलिंडरच्या भिंती ओरबाडल्या असतील, तर वरचं काम करून ते झाकता येणार नाही. पूर्ण काम करायचंच ठरलं तर बोअरची मापं, क्रँक ग्राइंडिंगची मापं आणि वापरलेल्या बेअरिंगचा साइझ लिहून मागा. पुढचं काम दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलं तर त्याला हे कागद लागतील. आणि इंजिन नवं करूनही रेडिएटर जुना, चोंदलेलाच बसवला, तर नवं इंजिन त्याच घाटात तसंच तापेल.

जुनी इंजिनं खरंच जास्त टिकाऊ होती?

काकांचं म्हणणं खोटं नाही, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. जुनी इंजिनं तुलनेने कमी ताकदीची, वजनदार आणि साधी होती. मे २००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, त्याचं दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन १६ अश्वशक्तीचं होतं. इतक्या कमी जोराला भागांवर ताण कमी येतो आणि थोडं दुर्लक्षही खपून जातं.

आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० बार किंवा त्याहूनही जास्त असतो. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. डिझेलमधलं थोडं पाणी किंवा स्वस्त फिल्टरमधून निसटलेली धूळ या फटीची वाट लावते. मग इंजेक्टर फवारा मारण्याऐवजी ठिबकू लागतो आणि एकाच जागी जळणारं ते डिझेल पिस्टनचा माथा वितळवू शकतं. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आली. त्याबरोबर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. त्यातली काजळी जळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. गावातल्या गावात पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती जळून पुरी होत नाही, ती जाळण्यासाठी इंजिनाने जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि गेजच्या काडीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून खुश होऊ नका, ते पातळ झालेलं असतं. अशी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर एका दमात चालवा आणि तिला डीपीएफसाठी सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल घाला.

म्हणजे नवी इंजिनं कमी टिकाऊ आहेत असं सरसकट म्हणता येणार नाही. ती निष्काळजीपणा कमी सहन करतात. डिझेल, एअर आणि ऑइल फिल्टर वेळेवर बदलणं, एअर फिल्टरनंतरचा रबरी पाइप फाटलेला नाही ना हे बघणं, वॉटर सेपरेटरमधलं पाणी सोडणं, घाट चढून आल्यावर टर्बो निवायला इंजिन मिनिटभर चालू ठेवणं, पासिंगपेक्षा जास्त माल न भरणं, एवढं जो पाळतो त्याची गाडी आजही लाखो किलोमीटर काढते. आणि काटा लाल रेषेकडे सरकला की तिथल्या तिथे गाडी बाजूला घ्या. ‘घाट संपेपर्यंत नेऊ’ म्हणून ओढलेल्या त्या शेवटच्या काही किलोमीटरांत वाकलेली हेडं कितीतरी आहेत. थांबल्यावर गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

पिकअप चालते तेव्हा तुमचं घर चालतं, म्हणून आग्रहाने सांगतो. इंजिन उघडण्याआधी मिस्त्रींकडून दोन गोष्टी लेखी घ्या : चाचण्यांचे आकडे आणि गाडी तापण्याचं कारण. बिलावर बदललेल्या भागांची यादी असतेच. तिच्याखाली ‘हे कशामुळे बिघडलं’ ही एक ओळ लिहून मागा. जो मिस्त्री ती ओळ लिहू शकतो, त्याच्याच हाती इंजिन द्या.