हाडातला पू आणि औषधाचे मणी

मळणीयंत्रात पाय सापडला किंवा ट्रॅक्टरवरून पडून नडगी मोडली आणि हाड कातडी फाडून बाहेर आले, तर शेणामातीचे जंतू थेट हाडाला लागतात. अशा जखमेवर पाला बांधून हाडवैद्याकडे नेऊ नये. स्वच्छ फडके बांधावे, पाय फळीला बांधून स्थिर करावा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले इस्पितळ त्याच दिवशी गाठावे.

जंतू हाडात मुरले की हाडाचा काही भाग रक्त न मिळाल्याने मरतो. गोळी असो की इंजेक्शन, औषध पोचते ते रक्तातूनच. मेलेल्या हाडात रक्तच नाही, मग ते पोचणार कसे? त्यात हे जंतू स्वतःभोवती चिकट थर करून दडून बसतात. म्हणूनच नासूर महिनाभर कोरडा राहतो, घरचे निश्चिंत होतात, आणि तो पुन्हा वाहू लागतो.

तेव्हा मेलेले हाड खरवडून काढायचे आणि त्या पोकळीतच औषध ठेवायचे, ही आजची रीत. १९७० साली जर्मनीत बुखहोल्त्स व एंगेलब्रेख्त यांनी कृत्रिम सांध्याच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळले. पुढे क्लेम यांनी अशा सिमेंटचे मणी करून हाडाच्या पोकळीत भरले. औषध जागच्या जागी पुष्कळ झिरपते, रक्तात थोडेच उतरते, त्यामुळे मूत्रपिंडांना त्रास कमी. सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून उष्णता सोसणारेच औषध त्यात चालते. पण हे मणी विरघळत नाहीत. औषध झिरपून गेले की तेच जंतूंना बसायला ओटा होतात, म्हणून बहुधा दुसरी शस्त्रक्रिया करून ते काढतात. बरे वाटले म्हणून ही तारीख चुकवणारे रोगी पुन्हा पू घेऊन येतात.

दुसरे मणी कॅल्शियम सल्फेटचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या प्लास्टरचेच शुद्ध रूप. ड्रीसमान यांनी १८९२ सालीच हाडाच्या पोकळ्या प्लास्टरने भरल्या होत्या! हे मणी काही आठवड्यांत विरघळतात. त्या दिवसांत जखमेतून पाण्यासारखा स्राव येऊ शकतो. घाबरू नये, पण डॉक्टरांना दाखवावा. ताप, लाली किंवा दुर्गंधी असेल तर थांबूच नये.

हाडातला नमुना तपासून कोणते औषध लागू पडते ते पाहिले का, आणि मणी विरघळणारे की काढायचे, हे घरी जाण्याआधी विचारून घ्यावे. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या नासुरात क्वचित कर्करोगही होतो. जखमेची कड वाढू लागली किंवा रक्त येऊ लागले, तर तुकडा काढून तपासून घ्यावा.