कॅमेरा कोणाच्या उंचीवर धरावा? : तरुणांच्या माध्यम-शिक्षणाविषयी काही विचार



संध्याकाळी कोणत्याही वस्तीतील अभ्यासिकेत डोकावले, तर बहुतेक मुलामुलींच्या हाती मोबाईल दिसतो. पूर्वी ज्या कामासाठी स्टुडिओ, ध्वनिमुद्रक, संपादनाचे टेबल आणि शिकलेली माणसे लागत, ते सारे काम हे खिशातले यंत्र करू शकते. परंतु आपली मुले या यंत्राने करतात काय? दुसऱ्यांनी तयार केलेले पाहतात, ते पुढे पाठवितात आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे चित्रण करून त्याला एखादे गाणे जोडतात. यात गैर काही नाही. तथापि, पाहणारा समाज आणि दाखविणारा समाज यांत मोठे अंतर असते. हे अंतर तोडण्याचे शिक्षण आपल्या संस्थांना देता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचार नवा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले, त्या वेळी हाच प्रश्न वेगळ्या साधनांच्या रूपाने उभा होता. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपयांचे साहाय्य केले. नव्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले, तेव्हा लिहिणारी माणसे इतकी थोडी होती की अंकाचे बहुतेक रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. पुढे स्वतःचा छापखानाही उभा राहिला. वृत्तपत्र असावे, ते आपल्या माणसांनी लिहावे आणि छापण्याचे यंत्रही आपल्या हाती असावे, अशा या तीन पायऱ्या आहेत. आज तिसरी पायरी आपोआप चढून झाली आहे. दुसरी मात्र अद्याप बाकी आहे, आणि ती शिकल्यावाचून चढता येत नाही.

पस्तापूरच्या स्त्रियांचा धडा

शिकण्यासाठी आधी भरपूर शालेय शिक्षण हवे, असा एक समज आहे. तो दूर करण्यास तेलंगणातील एक उदाहरण पुरेसे आहे. जहीराबादजवळ पस्तापूर हे गाव आहे. तेथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था कोरडवाहू शेती करणाऱ्या गरीब स्त्रियांचे संघ बांधून काम करते. या स्त्रिया बहुतांशी दलित समाजातील आहेत, आणि त्यांतील पुष्कळजणींनी शाळेचा उंबरठाही ओलांडलेला नव्हता. संस्थेचे एक संस्थापक दिवंगत पी. व्ही. सतीश हे पूर्वी दूरदर्शनमध्ये निर्माते होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या पुढाकाराने या शेतमजूर स्त्रियांना व्हिडिओ कॅमेरा शिकविण्यास प्रारंभ झाला. वरंगळ भागात बीटी कपाशी लावलेल्या शेतकऱ्यांच्या नुकसानीवर त्यांनी २००३ साली केलेली फिल्म देशाबाहेरही दाखविली गेली.

आम्हांस यातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. कॅमेरा वरून खाली, खालून वर आणि डोळ्यांच्या समान पातळीवर अशा तीन उंचींवरून धरता येतो. चित्रपटाच्या पाठ्यपुस्तकांत या तिन्हींना इंग्रजी नावे आहेत. या स्त्रियांनी ती पाठ केली नाहीत, त्यांनी स्वतःची नावे दिली. वरून खाली पाहणाऱ्या दृश्यास त्या 'पटेल शॉट' म्हणू लागल्या, कारण गावचा जमीनदार माणसांकडे तसाच वरून पाहतो. खालून वर पाहणारा तो गुलामाचा शॉट, कारण मजूर मालकाकडे तसे मान वर करून पाहतो. आणि समान पातळीवरून घेतलेला तो 'संघम् शॉट', कारण संघाच्या बैठकीत सगळ्या जमिनीवर एकाच पातळीत बसतात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. जातिव्यवस्थेवर मोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत, परंतु कॅमेऱ्याची उंची म्हणजे माणसाकडे पाहण्याची नजर होय, हे इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. हे सांगणाऱ्या स्त्रियांना वाचता येत नव्हते, पण आयुष्यभर आपल्याकडे कोण कोठून पाहतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून माध्यम-शिक्षणाची सुरुवात यंत्राच्या बटणांपासून करू नये, असे आमचे मत आहे. मुलांना आधी विचारावे की वर्तमानपत्रात, चित्रपटात, मालिकेत आपली वस्ती तुम्ही कोणत्या उंचीवरून पाहिली आहे? पुरात बुडालेली, दंगलीत जळालेली, मदतीसाठी हात पसरलेली, एवढीच का? या प्रश्नाची चर्चा झाली की बटणे शिकण्यास फार वेळ लागत नाही.

याच संघांच्या स्त्रियांनी १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम् रेडिओ' हे स्वतःचे केंद्र सुरू केले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले होते. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची वाट मोकळी होण्यास २००६ साल उजाडावे लागले. आपल्या राज्यात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनचे केंद्रही २००८ सालचेच. माण हा दुष्काळी तालुका, आणि तेथील माणदेशी बोली या केंद्रामुळे हवेवर आली.

लहरींची बातमी

दुसरे उदाहरण 'खबर लहरिया'चे. २००२ साली उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे हे बुंदेली बोलीतले पत्र निघाले. त्यामागे दिल्लीची 'निरंतर' ही संस्था होती. बातमी आणणाऱ्या, लिहिणाऱ्या व अंक गावोगाव नेऊन विकणाऱ्या सगळ्या स्त्रिया, त्यातही दलित स्त्रियांचा भरणा मोठा. त्यांतल्या एक संस्थापक कविता देवी यांचे बालपणी लग्न झाले आणि अक्षरे त्या नंतर साक्षरता केंद्रात शिकल्या. २००९ साली या पत्रास युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी छापील अंक बंद केला, मोबाईल हाती घेतला आणि बातम्या चित्रफितींच्या रूपाने देऊ लागल्या. हातपंप, रेशन, खाणी, बलात्काराची नोंद न घेणारे ठाणे, हे त्यांचे विषय. त्यांच्यावरील 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोहोचला.

आणि येथे एक बारकावा आहे. त्याच वर्षी 'खबर लहरिया'ने निवेदन काढून सांगितले की, चित्रपट प्रभावी आहे, परंतु आम्ही जणू एकाच राजकीय पक्षाच्या मागावर असतो असे त्यात दिसते आणि ते आमच्या कामाचे खरे चित्र नव्हे. हा माहितीपट सहानुभूतीने केलेला, करणारे चांगल्या मनाचे, जगभर कौतुक झालेले. तरीही ज्यांचे चित्र काढले त्यांना ते पूर्ण वाटले नाही. सहानुभूती असली म्हणजे उंची आपोआप समान होते, असे नाही.

तरुणांच्या दृष्टीने गोव्यातून चालणाऱ्या 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' या संस्थेची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. २०१० पासून तिने देशभरातील मागास भागांतून समुदाय-वार्ताहर घडविले. हे वार्ताहर बाहेरून येत नाहीत, त्याच गावचे असतात. रस्ता, शाळा, पाणी यांविषयी चित्रफीत करावयाची, ती संबंधित अधिकाऱ्यास दाखवावयाची, आणि काम झाले की त्याची दुसरी चित्रफीत करावयाची. २०१२ साली त्यांनी संविधानाच्या कलम १७ चे नाव घेऊन मोहीम काढली व आजही पाळल्या जाणाऱ्या अस्पृश्यतेच्या प्रथा चित्रित केल्या. दुसऱ्या चित्रफितीचा हा नियम आपल्या वर्गांनी जरूर उचलावा. तक्रार करणारे पुष्कळ असतात, पाठपुरावा करणारे थोडे.

वर्ग कसा चालवावा

आता आपल्याकडे. विहारातील किंवा अभ्यासिकेतील एक खोली, शनिवार-रविवारचे दोन-दोन तास व मुलांच्या हातातले मोबाईल एवढ्यावर असा वर्ग उभा राहतो. महागडा कॅमेरा घेण्यासाठी वर्गणी गोळा करू नये. पैसे खर्चावयाचेच तर कॉलरला लावावयाच्या ध्वनिग्राहकावर खर्चावेत. चित्र थोडे अंधुक असले तरी माणूस पाहतो, आवाज ऐकू आला नाही तर उठून जातो. पंखा बंद करणे, रस्त्याकडची खिडकी लावणे, बोलणाऱ्याचे वाक्य पुरे होऊ देणे, त्याच्या बोलण्यात 'हो हो' न करणे, या गोष्टी फुकट शिकता येतात.

पहिला अभ्यास म्हणून आम्ही एकच विषय सुचवू, तो म्हणजे वस्तीतील वृद्धांच्या आठवणी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जो दहा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. धम्मदीक्षेला पायी गेलेले, जलशात पेटी वाजविलेले, नामांतराच्या १९७८ ते १९९४ या लढ्यात तुरुंगात गेलेले लोक आपल्याच गल्लीत आहेत. प्रौढपणी अक्षरओळख करून घेतलेल्या वामनदादा कर्डकांची गाणी आपणांस पाठ आहेत, पण त्यांच्यासारखे गाव-गाव फिरलेले कितीतरी गायक नोंदीवाचून गेले. हे काम पुढच्या वर्षी करू म्हणता येण्यासारखे नाही. प्रश्न मात्र ठराविक विचारू नयेत. "बाबासाहेबांना पाहून काय वाटले?" असे विचारले की भाषण मिळते. "त्या दिवशी कोणते लुगडे नेसलात, ते कोठून आणले, भाकरी कोणी बांधून दिली?" असे आजीला विचारले की आठवण मिळते.

खरे-खोटे तपासणे हा दुसरा अभ्यास. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्यावरून स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. मोबाईलवर आलेल्या निरोपास तो लावून पाहावा. कोणी पाठविले, केव्हाचे चित्र, कोठले? दोन ठिकाणांहून खात्री पटेपर्यंत पुढे पाठवावयाचे नाही.

अत्याचाराच्या घटनेत तर फार सावध राहावे लागते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि बालकांबाबत २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम २३ आहे. चेहरा झाकला पण घर दाखविले, तरी ओळख पटतेच. कोणास मारहाण होत असल्याचे चित्रण झाले असेल, तर ते गटागटांत फिरविल्याने त्या माणसाची विटंबना पुन्हा होते व पुराव्यासही बाधा येते. मूळ फाईल ज्या मोबाईलमध्ये आहे तेथेच कापछाट न करता ठेवावी, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ मध्ये तर त्या कायद्याखालील कार्यवाहीचे चित्रमुद्रण करण्याची तरतूद आहे. हे आपल्यातील किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

रोजगाराचा प्रश्न पालक विचारतील, आणि त्यांनी तो विचारावाच. दोन महिन्यांच्या वर्गाने कोणी दिग्दर्शक होत नाही, तसे आश्वासन देणाऱ्या खाजगी जाहिरातींपासून मुलांना जपावे. मात्र संपादन, ध्वनी, शुद्ध मराठी टंकलेखन, उपशीर्षके, भित्तिपत्रक रचना ही कामे शिकून हात चालू राहतो. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांना पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट व कोलकात्याची सत्यजित राय संस्था दाखवावी. या दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था असून तेथे राखीव जागा असतात. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला संज्ञापनाचे शिक्षण घेताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 'फँड्री' व 'सैराट' त्यानंतरचे.

मुलींविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अनेक घरांत मोबाईल भावाचा असतो व बहिणीला तो मागून मिळतो. वर्गात नावे घातली तरी यंत्र हाती नसेल तर ती नुसती बघत बसेल. संस्थेने दोन जुने चालू मोबाईल मिळवून ते मुलींच्या नावे वर्गात ठेवावेत, व वर्गाची वेळ त्यांना उजेडी घरी परतता येईल अशी ठेवावी. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने १९८४ सालीच कष्टकरी स्त्रियांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला होता. चाळीस वर्षांनंतर आपण मोबाईल देण्यास कचरू नये.

तयार झालेली फीत प्रथम कोणास दाखवावी? कॅनडाच्या फोगो बेटावर १९६७ साली तेथील कोळी लोकांच्या फिल्म केल्या गेल्या, तेव्हा त्या आधी बेटावरच दाखविल्या जात व त्या लोकांची संमती असल्यावाचून बाहेर जात नसत. आपणही तसेच करावे. रविवारच्या वंदनेनंतर पांढरी चादर लावून ती फीत वस्तीसमोर लावावी. जिच्या आठवणी आहेत त्या आजीला पुढे खुर्ची द्यावी. तिने "हे काढून टाका" म्हटले तर काढावे. नंतर दिवे लावून तासभर बोलू द्यावे, आणि त्या बोलण्याची नोंद एका मुलीने वहीत घ्यावी. फितीवर नाव, गाव, तारीख व नोंदविणाऱ्याचे नाव लिहून एक प्रत संस्थेच्या कपाटात आणि दुसरी त्या घरी द्यावी.