नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

आज पिकाचा नाही, गाडीचा सल्ला. १२ टक्के ओलाव्यावर वाळवलेलं सोयाबीन रात्री भरून ठेवायचं, सकाळी सेल्फ फिरेना, वर आभाळ भरलेलं. या आठवड्यात बिलोली केंद्रावर येणाऱ्या दोन जुन्या गाड्यांचं हेच झालं. एकानं नवी बॅटरी टाकली, ती चौथ्या दिवशी बसली. मोजलं तर चालू गाडीतही १२.१ व्होल्टच. तेल लागून बेल्ट घसरत होता, बाकी काही नाही.

मी काही मेकॅनिक नाही, पण आमच्या घरच्या टेम्पोनं हे शिकवलं. साधा मल्टीमीटर पुरतो, मोटारीच्या स्टार्टरसाठी बऱ्याच जणांकडे असतोच.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी चावी न लावता मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली रिकामीच समजा. मोठ्या ट्रकला २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या असतात, त्या वेगवेगळ्या मोजा. मग गाडी चालू करून थोडी रेस द्या. १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. वाढत नसेल तर आधी बेल्ट, मग डायनामो. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरीचं पाणी आटत राहणार.

हात जोडून एक सांगतो. डायनामो तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगला डायोड, रेग्युलेटर जळून जातो.

चार्जिंग बरोबर आहे, तरी सकाळी बॅटरी उतरते? मग करंट कुठंतरी गळतोय. सगळं बंद करा, चावी काढा, दार लावा. बॅटरीची मायनस वायर काढून ती वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. अशा वेळी चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ०.०५ अँपिअरपर्यंत चालतं. १ अँपिअर दिसला तर दिवसाला २४ अँपिअर-तास गेले, ७५ ची बॅटरी तिसऱ्या दिवशी खलास. एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडेल तिथं दोष. कशालाच पडला नाही तर बाहेरून टाकलेल्या वायरी बघा: टेप, जादा दिवे, जीपीएस. आमच्या टेम्पोत टेपची वायर चावीवर न घेता थेट बॅटरीवर जोडली होती. ती सापडेपर्यंत वडिलांनी दोन बॅटऱ्या बदलल्या! तिथंही नसेल तर डायनामोचा डायोड गळतो, ते वायरमनकडून बघून घ्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याचा सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं धुवा, झाकणं घट्ट लावून. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर घासून आवळा. आत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार लई, प्लेटा खराब होतात. बॅटरीजवळ बिडी नको, तिच्यातून निघणारा गॅस पेटतो.

पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना व्होल्ट ९.५ च्या खाली जात असेल तर मात्र बॅटरी संपली, बदला.

मीटर केंद्रावर ठेवलाय. माल उतरवताना सांगा, पाच मिनिटांत मोजून देतो.