जुन्या संगणकातील दप्तराचे जतन

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. पुढे कार्यालयांचे काम टप्प्याटप्प्याने संगणकावर आले. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींतही संगणक पोहोचले. त्या काळातील संगणकांत ठराव, पत्रव्यवहार व शाळांच्या याद्या अद्याप असतील, तर यंत्र बंद पडण्यापूर्वीच बाह्य हार्ड डिस्कवर त्यांची प्रत घेणे अगत्याचे आहे.

‘डेस्कटॉप’ व ‘डॉक्युमेंट्स’मधील फाइली सामान्यतः सी ड्राइव्हमध्येच असतात. फॉरमॅट करताच त्या पुसल्या जातात. म्हणून ‘युजर्स’ हे संपूर्ण फोल्डर आधी कॉपी करावे. ‘कट’ करू नये. इतर ड्राइव्हही तपासावेत.

मराठी मजकुराबाबत मात्र विशेष दक्षता हवी. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठवतो. फॉन्ट त्यांना केवळ देवनागरी रूप देतो. नव्या संगणकात तो फॉन्ट नसल्यास ग्रामसभेचा ठराव निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. यास्तव विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ फोल्डरचीही प्रत घ्यावी आणि महत्त्वाचा मजकूर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून पाहावा.

शेवटी हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून काही फाइली उघडून पाहाव्यात. एकच डिस्क बिघडू शकते. म्हणून दुसरी प्रत निराळ्या इमारतीत ठेवावी. ही पडताळणी झाल्याखेरीज जुना संगणक निर्लेखित करू नये.