पोटदुखी, थकवा आणि गव्हाची पोळी

अधूनमधून पोट दुखते, जेवल्यावर फुगते आणि थोड्याशा कामाने अंग गळून जाते, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण दवाखान्यांना नवीन नाहीत. त्यांना बहुधा जंतांचे किंवा आम्लपित्ताचे औषध दिले जाते. रक्त कमी आढळल्यास लोहाच्या गोळ्या. त्यात गैर काही नाही, कारण नेहमीची कारणे हीच असतात. परंतु नियमाने गोळ्या घेऊनही काही महिन्यांत रक्त वाढत नसेल, तर सीलिअ‍ॅक रोगाची शंका घ्यावयास हवी. भारतात हा रोग विशेषतः उत्तरेकडील गहू खाणाऱ्या प्रदेशांत अधिक आढळतो. महाराष्ट्रातही तो नाही, असे मात्र नव्हे.

गहू, जव व राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. उपजत प्रवृत्ती असलेल्या काही व्यक्तींत या प्रथिनामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील रसांकुर झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब असतातच असे नाही. कित्येकांत थकवा आणि रक्तक्षय एवढीच लक्षणे दिसतात, मुलांची वाढ खुंटते, आणि निदान वर्षानुवर्षे लांबते.

लंडनचे डॉ. सॅम्युअल जी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे वर्णन केले. उपाय आहारातच आहे हे त्यांनी ओळखले होते. दोषी पदार्थ मात्र त्यांना सापडला नाही. तो नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी शोधला. गव्हाविषयी त्यांना युद्धापूर्वीच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण अन्नटंचाई होऊन पाव मिळेनासा झाला. एरवी सारी मुले खंगत असता या रोगाची मुले मात्र सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. डिके यांचा याविषयीचा प्रबंध १९५० मध्ये सादर झाला.

निदानासाठी रक्तातील विशिष्ट प्रतिपिंड तपासतात. आवश्यक तेथे दुर्बिणीद्वारे आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून पाहतात. येथेच एक चूक वारंवार घडते. कोणीतरी सांगितले म्हणून रुग्ण तपासणीपूर्वीच गहू सोडतो. त्यामुळे प्रतिपिंड ओसरतात, रसांकुर भरून येऊ लागतात आणि असलेला रोग अहवालात दिसत नाही. म्हणून तपासण्या पूर्ण होईपर्यंत पोळी बंद करू नये. वजन झपाट्याने घटत असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये.

निदान झाल्यावर मात्र गहू जन्मभर वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ व वरी यांत ग्लुटेन नाही. ज्या घरात भाकरी रोजची आहे, तेथे पथ्य फारसे जड जात नाही. खरी अडचण सणावारी येते, कारण पुरणपोळी, शेवया, रव्याचा शिरा सारेच टाळावे लागते. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. शिवाय गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली, तर जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ तिच्यात उतरते. तेव्हा अशा रुग्णाचे दळण जेथे गहू दळला जात नाही अशा गिरणीतून आणावे, अथवा घरच्या वेगळ्या जात्यावर दळावे.