भाड्याच्या खोल्या : दुरुस्ती कोणाची, सफाई कोणाची?

देऊळगाव राजा हे जालना-चिखली रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. बदलून येणारे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कचेरीतले कारकून यांना खोली लागतेच. म्हणून आपल्यापैकी अनेकांनी घरामागे दोन-तीन खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत. दुकानातील मालाचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. परंतु खोलीचे भाडे हाती पडले की तो सगळा नफाच समजतो. चूक येथे होते.

आमचाच अनुभव सांगतो. एक शिक्षक भाडेकरू खोली सोडून गेले तेव्हा मोरीलगतची भिंत ओलीने फुगलेली दिसली. यांनीच पाणी सांडून भिंत खराब केली असे म्हणून आम्ही अनामतीतून दोन हजार रुपये कापले. भिंत रंगवली, नवे कुटुंब आले आणि पहिल्याच पावसात तीच ओल परत! गवंड्याने गच्चीवर चढून पाहिले, तर पन्हळ लिंबाच्या पाल्याने गच्च भरलेली. सफाई आमची होती, दंड त्यांना झाला. अनामत ही शेवटी अमानतच. पैसे जालन्यास पोहोचते केले, पण शरम राहिलीच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. तो लागू असलेल्या ठिकाणी, करारात वेगळे ठरले नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना तीन हजार भाडे असेल तर ही रक्कम नऊ हजार होते. करारनामा लेखी करून त्याची नोंदणी करणे हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी आहे. नुसता स्टँप पेपर पेटीत ठेवून भागत नाही.

आपल्याकडील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतींना तडे जातात. दरवर्षी तडे बुजवण्यापेक्षा मोरीचे व छपराचे पाणी पायापासून दूर काढावे. बोअरच्या पाण्याचे क्षार नळात व टाकीत साचतात; टाकी सहा महिन्यांनी धुवावी.

शौचालयाची टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. त्यासाठी मजूर आत उतरवू नये. आतल्या वायूने माणूस क्षणात दगावतो. संरक्षक साधनांशिवाय असे काम करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा, तिचे भाडे जास्त वाटले तरी.

आम्ही आता बारा महिन्यांतील एक भाडे दुरुस्तीसाठी वेगळे काढतो. खोली देताना भिंती, नळ, बटणे, कड्या भाडेकरूसमोर पाहून कागदावर उतरवतो व दोघांच्या सह्या घेतो. झाडलोट, मोरी, फुटलेली काच त्यांची. छत, पन्हळ, टाकी आमची. मृग लागण्याआधी गच्चीवर मात्र आम्ही स्वतः चढतो.