पशुधन पदविका : खर्चाचा आणि मिळकतीचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या ओसरीत पालकांची वर्दळ सुरू होते. अलीकडे त्यांच्या तोंडी एक प्रश्न वारंवार येतो : "गुरुजी, पोराले ढोरायच्या डॉक्टरचा कोर्स लावून देऊ काय?" हातात एखाद्या संस्थेचे रंगीत पत्रक असते आणि त्यावर शुल्काचा आकडा. त्या आकड्यापलीकडचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पशुवैद्यकाची पदवी बारावीनंतर, आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची असते. दहावीनंतरची पदविका घेणारा पशुवैद्यक होत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० नुसार पदविकाधारकास लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवाच देता येतात, आणि त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. जी संस्था ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी सांगत नाही, तिच्या दारातून परतावे असे आमचे स्पष्ट मत आहे. पदविका नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहे की केवळ छापील कागद आहे, याची खातरजमा विद्यापीठाकडूनच करावी.

आता खर्च. समजा शुल्क, खोली, खानावळ आणि प्रवास मिळून वर्षाला ६०,००० रुपये लागतात. पण मुलगा शिकायला गेला म्हणजे घरचे दोन हातही गेले. २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. शंभर दिवसांचे २९,७०० रुपये झाले. शिष्यवृत्ती मिळते हे खरे, परंतु ती पुष्कळदा वर्ष सरता सरता हाती पडते आणि तोवर सावकार गाठावा लागतो. शेकडा तीन रुपये महिन्याने ६०,००० रुपयांवर दहा महिन्यांचे व्याज १८,००० रुपये होते. पत्रकावर न छापलेला हा खर्च. म्हणून ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज मुदतीत भरावा, कागदपत्रे उन्हाळ्यातच जमवावीत. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर नसल्याने हक्काची रक्कम गमावलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

मिळकतीच्या बाजूस सर्वांच्या डोळ्यांपुढे नोकरी असते. पशुधन पर्यवेक्षकाची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये, वर महागाई भत्ता. कोरडवाहू कापसाच्या घरात हा पगार आला तर घराचे रूप पालटते. परंतु २०२३ साली पशुसंवर्धन विभागाची जाहिरात निघाली तेव्हा साऱ्या राज्यासाठी या पदाच्या जागा ३७६ होत्या, आणि अशा जाहिराती दरवर्षी निघत नाहीत. निव्वळ त्या आशेवर शेत गहाण ठेवू नये.

दुसरा मार्ग गावोगावच्या सेवेचा. कृत्रिम रेतनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला तरुण हे काम करू शकतो. गाय माजावर आल्याची खूण सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन करावे. वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस गेले, आणि मालकाचे तेवढे दूध गेले. रेतमात्रा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात ठेवावी लागते, ते भांडे कोरडे पडू देऊन चालत नाही. समजा एका रेतनाचे १५० रुपये मिळाले आणि रेतमात्रा, नत्र व पेट्रोल यांत ७० गेले, तर ८० उरले. दिवसाला तीन म्हणजे २४० रुपये, मजुरीहूनही कमी. कोल्हापूर-सांगलीकडे दूध संघांमुळे एका गावात जी जनावरे सापडतात, त्यांसाठी झरी-जामणीत चार गावे फिरावी लागतात. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजात विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत दुभत्या गाई वाटल्या गेल्या, आणि चाऱ्यावाचून अनेकांना त्या विकाव्या लागल्या, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गोठ्यात चारा नसेल तर रेतन करणाऱ्यालाही काम नाही. आमच्या मते या जिल्ह्यात केवळ रेतनावर पोट भरणे कठीण. घरच्या पाचदहा शेळ्यांची जोड असली तर बेत जमतो. शेळ्यांचे आजार आणि लसीकरणाच्या वेळा कळणाऱ्याचा कळप टिकतो, ही पदविकेची मिळकत कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही.

एका आजोबांचा आक्षेप मात्र निराळा होता. "आम्ही ढोरं ओढणं सोडलं, अन् नातू पुन्हा ढोरातच?" १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, त्या पिढीची जखम आजोबांच्या बोलण्यात होती. आम्ही त्यांना २०२२ च्या लम्पीची साथ आठवून दिली. तेव्हा लस टोचणाऱ्याची वाट पाहत मालक स्वतः गोठ्याच्या दाराशी उभे होते. मेलेले जनावर सक्तीने ओढणे आणि जिवंत जनावराला शिकून वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांना पटले की नाही ठाऊक नाही; नातवाचा अर्ज मात्र त्यांनीच आणून दिला.

बारावी विज्ञानात चांगले गुण मिळवण्याची कुवत आणि नीट परीक्षेची तयारी असेल, तर मुलाने पदवीचाच विचार करावा. इतरांनी पत्रक, शुल्काचा तपशील आणि घरच्या जनावरांची संख्या घेऊन शाळेत यावे. सही करण्यापूर्वी आम्ही सोबत बसून हिशेब मांडू.